मिठात मुरलेली ठकी

भिमाबायला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका अस्वलाचा गळा दाबत होती.

अस्वल कापसाचं होतं, हे मान्य. पण दाबणं अस्सल होतं. दोन्ही अंगठे हनुवटीखाली, खालचा ओठ दातांत, आणि गल्ल्यामागे दुकानदार रमणिकभाई असा उभा, जणू पुढचा नंबर त्याचाच. मी भाड्याच्या घराची किल्ली मागायला आलेलो. कुणीतरी सांगितलेलं, मालकीणबाई खाली खेळण्यांच्या दुकानात असतील. होत्याच. अस्वलाने बराच तग धरला, मग टर्र आवाज झाला आणि मुंडकं धडापासून वेगळं झालं. भिमाबायने ते रमणिकभाईच्या छातीवर भिरकावलं.

"शिलाई हाय का थुका लावून चिकटवलंय?"

"बाय, मी थोडीच बनवतो..."

"इकतोस तं तूच ना रं मेल्या?"

मग तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चष्म्यापाशी थांबली. "काय पायजे मास्तर?"

मी मास्तर नाही, विम्याच्या कचेरीत कागद सरकवतो. पण चष्मा लावणारा प्रत्येक माणूस भिमाबायच्या लेखी मास्तर होता, आणि अस्वलाची ती गत पाहिल्यावर मी दुरुस्ती सुचवली नाही. आजपर्यंत सुचवलेली नाही.

डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या बाजूने जे जुनं गावठाण आहे, तिथली ही बाई. बाप मिठागरात राबलेला, सासरा शेतकरी. शेत गेलं, शेतावर चार मजले उभे राहिले आणि भिमाबाय मालकीण झाली. इमारतीचं नाव 'श्री ठकीकृपा'. ठकी ही कुठली तरी कडक देवी असावी असं समजून कुरिअरची पोरं दारात हात जोडून मग बेल वाजवायची. कुणी त्यांचा गैरसमज दूर केला नाही, कारण तसा तो गैरसमज नव्हताच.

ठकी म्हणजे भिमाबायची लहानपणची बाहुली. कोपरापासून बोटांपर्यंत लांब, अखंड लाकडाची. हात वेगळे नाहीत, नुसत्या अंगावर कोरलेल्या खाचा. डोळे तापल्या सळईने डागलेले. नाक नाही, कारण नाकाची गरज कधी पडली नाही. चेहऱ्यावर भाव एकच: ये, बघते तुला. मिठागराच्या बांधाला खाडीचं पाणी आत घ्यायचं-बाहेर सोडायचं एक लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. जुनी उघाडी मोडली तेव्हा बापाने तिच्या फळीतून ही बाहुली काढली. पिढी-दीड पिढी खाऱ्या पाण्यात मुरलेलं ते लाकूड. वाळवीने एकदा चावून पाहिलं म्हणतात. त्या वाळवीच्या वंशात आजही दात येत नाहीत.

"आमचे टायमाला बाहुली मोडायची नाय," भिमाबाय सांगायची, "बाहुलीनं मानसा मोडायची."

हे ती शोभेला बोलत नव्हती. लग्नात पोरीने सामानात बाहुली आणली म्हणून सासरची माणसं हसली होती. नवरा पहिल्या महिन्यात ढोसून आला आणि त्याने हात उगारला. एक थोबाडीत बसली. दुसरी बसली नाही, कारण मध्ये ठकी आली. तेव्हापासून तो नवरा, आप्पा, जन्मभर डाव्या बाजूनेच चावत आला, आणि बायको ठकीला उन्हात ठेवायला निघाली की समोरच्या घरी जाऊन बसायचा. तो गेला तेव्हा भिमाबाय रडली, खूप रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, "चांगला मानूस होता. येकदाच चुकला."

पुढे शेताचा ताबा घ्यायला एका बिल्डरची माणसं सळया घेऊन आली. भिमाबाय बांधावर ठकीला मांडीवर घेऊन बसलेली. माणसं चार होती असं गावात सांगतात. मी आठ सांगतो, कारण चार जणांसाठी भिमाबाय कशाला लागते? एकाचं खांद्याचं हाड, एकाचा गुडघा, बाकीचे चिखलात चपला सोडून पळाले. त्या चपला तिने धुऊन ठेवल्या आणि गावातल्या पोरांना वाटल्या. बिल्डर पुढे स्वतः पेढे घेऊन आला आणि दाराच्या बाहेरूनच बोलला.

अशा बाईला आजची खेळणी बघून काय वाटत असेल? तिला वाटायचं नाही, तिच्या अंगात यायचं.

इमारतीच्या मागे जुन्या घराचा धुण्याचा दगड तेवढा शिल्लक होता. ठकीकृपात कुठल्याही पोराला कुणीही खेळणं आणलं, तरी ते आधी या दगडावर यायचं. याला ती सलामी म्हणायची. नवीन खेळणी घेऊन पोरं रांगेत उभी राहायची, लस टोचून घ्यायला आल्यासारखी, डोळ्यांत पाणी, ओठ थरथरत. भिमाबाय पदर खोचायची, खेळणं पायाला धरायची आणि परीट कपडा आपटतो तसं आपटायची. मोटारींची चाकं उडायची. वाघांचे जबडे सुटायचे. मखमली सशांच्या पोटातून भुसा नाही, कापूस नाही, चिंध्याही नाहीत, चुरगाळलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या निघायच्या.

"बगा! येचे पोटात कचरा, आन पोरा येला कुशीत घेऊन झोपतात!"

मेलेली खेळणी दगडाशेजारच्या पिंपात जायची. कचरा न्यायला आलेल्या नव्या माणसाला पिंपातून एक गुलाबी पाय आणि दोन हात वर आलेले दिसले, आणि तो बिचारा तिथेच बसला. त्याला कांदा हुंगवावा लागला. पोरांचे आईबाप भांडायला यायचे नाहीत असं नाही. यायचे, जिन्यात मोठ्याने बोलायचे, भिमाबायच्या दाराशी आल्यावर पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी विचारून परत जायचे.

माझी बायको कल्याणची. तिच्याकडे तिच्या लहानपणची रबरी बाहुली होती. पाठीत शिट्टी, आडवी केली की डोळे मिटणारी, आणि दात येताना बायकोने चावून चावून डाव्या पायाचा अंगठा खाल्लेली. एका संध्याकाळी त्या दगडाजवळच्या ओट्यावर बायकांच्या गप्पा रंगल्या, मी बाजूला उभा होतो. कुणाच्या आजीने जुन्या लुगड्याची बाहुली शिवलेली, तिला काळ्या दोऱ्याची वेणी. कुणाची सेल्युलॉइडची, चुलीजवळ नेली म्हणून भक्कन पेटलेली, आणि तिच्यासाठी सबंध घर सुतकात. कुणी बाहुलीचं लग्न लावताना वरपक्षाने मानपान मागितला म्हणून एकमेकींच्या झिंज्या उपटलेल्या. त्या भरात माझी बायको उठली आणि आपली रबरी बाहुली घेऊन आली. तिला काय सुचलं कोण जाणे, ती भिमाबायला म्हणाली, "घ्या सलामी."

भिमाबायने घेतली. सगळा जोर लावून आपटली. बाहुली दगडावरून उसळली, उलटी आली आणि माझ्या चष्म्यावर बसली. एक काच गेली, भुवईला टाके पडले. मी रक्त पुसत होतो आणि बाहुली जमिनीवर पडून शिट्टी वाजवत होती.

"पास!" भिमाबाय ओरडली आणि तिने माझ्या बायकोच्या पाठीत असा धपाटा घातला की त्या शिट्टीला जोडशिट्टी मिळाली. त्या दिवसापासून आमच्या घरात सुकट, वाल, मडक्यात भाजलेल्या शेंगांची पोपटी, काय काय येऊ लागलं. माझ्या टाक्यांची चौकशी मात्र कुणी केली नाही.

हे सगळं बाहेरून. आतली गोष्ट बायकोला कळली आणि तिच्याकडून मला. ठकी द्यायची होती. भिमाबायला मुलगी नव्हती, एकच मुलगा, हरेश; तो ठाण्याला घोडबंदर रोडवर बाविसाव्या मजल्यावर राहायचा. त्याची बायको निकिता, आणि मुलगी स्वरा, सात वर्षांची. ठकी स्वराचीच. पण भिमाबायच्या बापाने बजावलं होतं, ठकी कुणाच्या गळ्यात बांधायची नाही. पोरीने स्वतःच्या तोंडाने मागितली तरच द्यायची. भिमाबायनेही बापाकडे ती अशीच मागून घेतलेली.

आणि स्वरा मागत नव्हती. ती ठकीला घाबरायची. आजी आली की आधी विचारायची, "ती आणलीयेस का?" आणि आजीची पिशवी दिसली की सोफ्यामागे. भिमाबाय दरवेळी जाताना पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवायची, ठकीचं डोकं दिसेल इतकंच, आणि दरवेळी परत येऊन ओट्यावर नुसती बसून राहायची. आठ गुंडांना लोळवणारी बाई एका सात वर्षांच्या पोरीच्या तोंडाकडे बघत झुरत होती.

त्यात वाढदिवस आला. आम्हा दोघांनाही बोलावणं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि यातलं काहीही वाढवायची सोय नाही. निकिताच्या भावाने परदेशातून बाहुली पाठवलेली. चिनी मातीचा चेहरा, सोनेरी केस, पोट दाबलं की गाणं म्हणणारी. स्वरा खोका उघडून तिच्याकडे नुसती बघत होती, हात लावायलाही धजत नव्हती. भिमाबाय उठली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. नातीच्या हातात काहीही जाण्याआधी ते आपल्या हातून जायचं, एवढंच तिला ठाऊक. तिने बाहुली पायाला धरली आणि दगड शोधत इकडेतिकडे पाहिलं. बाविसाव्या मजल्यावर धुण्याचा दगड कुठला? स्वयंपाकघरात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा होता.

"आई, नको!" हरेश ओरडला.

चेहऱ्याच्या ठिकऱ्या केकपर्यंत गेल्या. एक निळा डोळा सरबताच्या ग्लासात पडला. बिनडोक्याचं धड भिमाबायच्या मुठीत लोंबत होतं आणि त्यातून वाढदिवसाचं गाणं चालूच होतं, थांबता थांबेना.

"बगा," भिमाबाय विजयाने वळली, "पैलेच ठोक्याला..."

तेवढ्यात तिला स्वराचा चेहरा दिसला. पोर रडत नव्हती. नुसता आ वासलेला, आवाजच नाही. मग आवाज आला, आणि तो असा आला की खालच्या मजल्यावरचे लोक दार उघडून बाहेर आले.

निकिताने लेकीला उचललं. "आई, तुम्ही परत येऊ नका," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, हे जास्त वाईट. हरेश स्वतःच्या पायांकडे बघत होता.

त्यानंतर भिमाबायने हातपाय गाळले. पोरं सवयीने खेळणी घेऊन दगडापाशी यायची, ती खेळणं हातात घेऊन उलटंपालटं करायची आणि तसंच परत द्यायची. "जा, खेल." पोरांनाच चुकल्यासारखं वाटायचं. रमणिकभाईच्या दुकानात माल आला, गेला. ती फिरकली नाही. शेवटी तोच वर आला. हातात एक नवीकोरी बाहुली.

"बाय, ही एकदम थर्ड क्लास आहे. एक तरी फोडा ना."

"तूच फोड," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. एका रविवारी माझ्या बायकोने माझ्या हातात स्कूटरची किल्ली दिली. "त्यांना ठाण्याला घेऊन जा. गेटवरून नातीला बघतील आणि येतील. आणि तुम्ही मध्ये काही बोलू नका." भिमाबाय मागे बसली तेव्हा पुढचं चाक जमिनीपासून वीतभर उचललं गेलं; माणकोलीच्या पुलावर तर मी स्कूटर चालवत नव्हतो, हाकत होतो. पिशवी तिच्या छातीशी घट्ट. ठाण्यापर्यंत ती एकच वाक्य बोलली. "मास्तर, पोर लांबून दिसली तरी पुरे."

गेटवरचा वॉचमन वहीत नाव लिहायला सांगत होता. पलीकडे बागेत पोरं खेळत होती, आणि स्वरा दिसली. तिच्याकडे एक नवी बाहुली होती, निकिताने त्या फुटलेलीच्या बदल्यात आणलेली. निदान क्षणभर होती. एका दहा-अकरा वर्षांच्या दांडगट मुलाने ती हिसकावली, डोकं पिरगाळलं, आणि ते अस्सं सहज सुटून आलं. मग त्याने ते डोकं जमिनीवर ठेवून लाथ मारली. बाकीची पोरं हसली. डोकं गडगडत आमच्या दिशेने येऊन थांबलं. स्वरा त्याच्या अंगावर धावली, त्याने तिला ढकललं, ती पडली. गुडघा फुटला.

वॉचमनचं "मॅडम, एंट्री..." एवढंच पुरं झालं. मी भिमाबायचा पदर धरला. पदर माझ्या हातात राहिला असता, पण मी शहाणपणाने सोडला. ठकी पिशवीतून बाहेर निघालेली. त्या मुलाच्या आयुष्यातले यापुढचे सगळे वाढदिवस माझ्या डोळ्यांसमोरून गेले.

आणि स्वराने मान वर केली. आजी दिसली, आजीच्या हातातली ठकी दिसली. ती उठली. सोफ्यामागे लपणारी ती पोर लंगडत, नाक ओढत सरळ आमच्याकडे आली आणि तिने हात पुढे केला.

"आजी, दे."

भिमाबाय जागच्या जागी थिजली. एवढी वर्षं ज्या शब्दासाठी कान लावले, तो असा आला. तिचा हात वरच राहिला.

"कशाला पायजे? मारायला का खेलायला?"

"आधी मारायला," स्वरा म्हणाली. "मग खेळायला."

भिमाबायने ठकी दिली. पोरीचा हात वजनाने खाली गेला, मग दुसरा हातही लावून तिने ती उचलली, वळली, आणि मी खरंच सांगतो, त्या बागेत पाखरू उरलं नाही. एकच टोला. मुलाचा एक दात गवतात पडला. दुधाचा होता, हलतही होता, असं त्याच्याच डेंटिस्टने नंतर सांगितलं. पण तेव्हा ओरडा असा झाला की जबडाच पडलाय.

मुलाची आई आली, सेक्रेटरी आले, कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढू लागलं. सेक्रेटरींनी ठकीकडे बोट दाखवलं. "हे हत्यार आहे. हे आत्ता ऑफिसमध्ये जमा होईल. आणि या आजींना सोसायटीत प्रवेश बंद."

"बंदच हाय," भिमाबाय म्हणाली. "सूनबाईनं आधीच केलाय."

ती भांडत नव्हती! मी तिच्याकडे बघतच राहिलो. समोर एवढी माणसं, आणि ही खाली मान घालून उभी. ठकी जमा झाली तर झाली, आपल्यामुळे पोरीला पुन्हा काही सोसावं लागू नये, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं.

सेक्रेटरींनी ठकीला हात घातला. स्वराने दोन्ही हातांनी आवळून धरली. "नाही देणार. माझी आहे."

"बेटा, सोड."

"माझी आहे!"

तेवढ्यात लिफ्टमधून निकिता बाहेर आली. घरातले कपडे, हाताला कणीक. तिने लेकीचा गुडघा पाहिला, गवतातलं बाहुलीचं धड पाहिलं, सासूला पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. निकिता सरळ सेक्रेटरींपाशी गेली आणि तिने त्यांचं मनगट धरलं. असं धरलं की त्यांचं घड्याळ कणकेत बुडालं.

"हात सोडा. ती माझ्या मुलीची बाहुली आहे."

"मॅडम, ह्याने दात पडलाय!"

"माझ्या मुलीला पाडलं तेव्हा तुमचा नियम कुठे होता? सोडा म्हटलं ना!" आणि मुलाच्या आईकडे वळून, "आणि तुम्ही ओरडू नका. आधी त्याला दुसऱ्याच्या वस्तू मोडायच्या नाहीत हे शिकवा."

हे शेवटचं वाक्य म्हणताना तिची नजर चुकून सासूकडे गेली. भिमाबाय आधी हसली, पदर तोंडावर घेऊन. मग निकिताही.

"या वर," ती म्हणाली. "चहा टाकते. फक्त ओट्याजवळ उभ्या राहू नका."

पुढच्या आठवड्यात फोटो आला. ठकीला जांभळा झगा, ओठांना नेलपॉलिश, आणि जिथे कधीच नाक नव्हतं तिथे पेनने काढलेलं नाक. भिमाबायने फोन माझ्या नाकाशी धरला. "बग, बग! माजे ठकीला नाक काढला! माजे बापाचे हातची वस्तू!" ती संतापाने थरथरत होती आणि तोच फोटो जिन्यातल्या प्रत्येक माणसाला थांबवून दाखवत होती.

उन्हाळ्यात आम्ही टिटवाळ्याला स्वतःच्या घरात राहायला गेलो. निघताना भिमाबाय खाली उभी होती. आमचा टेम्पोवाला गाडी मागे घेताना चुकला आणि ठकीकृपाच्या फाटकाचा एक खांब कर्रकन खरवडून काढला. सगळी इमारत खिडक्यांतून मागे सरकली. रमणिकभाईने शटर अर्धं ओढलं. भिमाबाय तरातरा आली, हात डोक्यावर उगारला, आणि तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिली. हात रिकामा होता. तिने मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग तोच तळवा टेम्पोच्या पाठीवर मारला, बैलाला मारतात तसा.

"जा आता."

पत्र्यावर पाची बोटं उमटली. टेम्पोवाल्याने ती अजून ठोकून घेतलेली नाहीत.